बंद पडलेली इंडक्शन शेगडी आणि लॅमिंग्टन रोड

इंडक्शन शेगडी बंद पडली की गिरगाव-लालबागच्या घरांत आधी नवी घेण्याचीच चर्चा होते. घाई नको! पंखा फिरतोय, दिवे लागताहेत, पण भांडं तापत नाही, तर आधी त्याच्या बुडाला चुंबक लावून बघावं. चिकटलं नाही तर दोष भांड्याचा.

मग प्लग. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढते. ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवली की तो काळवंडतो. तिला १६ अँपिअरचाच हवा.

फ्यूज उडाला असेल तर नुसता तो बदलून सहसा भागत नाही. बऱ्याचदा त्यामागे आयजीबीटी नावाचा ट्रान्झिस्टर जळालेला असतो, कधी सोबत ब्रिज रेक्टिफायरही. असे सुटे भाग शोधायची जागा म्हणजे ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, आताचा डॉ. भडकमकर मार्ग. जुना भाग सोबत न्यावा आणि त्यावरचा क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवावा. वायर, प्लग, सॉकेट मात्र लोहार चाळीत.

साध्या कॉइलच्या शेगडीचं निदान सोपं आहे: २००० वॅटची धड कॉइल मल्टिमीटरवर सुमारे २६ ओहम दाखवते.

इंडक्शन उघडण्याआधी प्लग काढून काही मिनिटं थांबावंच. कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो.