बैराम म्हणजे सण

रमजानचे शेवटचे रोजे सुरू झाले की सगळ्यांची नजर ईदच्या चंद्राकडे लागते. तुर्कस्तानात या ईदला 'रमजान बायरामी' म्हणतात. तुर्की भाषेत 'बायराम' म्हणजे सण. सणाच्या दिवशी जन्मलेल्या मुलाचे नावही तिथे बायराम ठेवतात. शाळेच्या इतिहासात भेटणारा, अकबराचा पालक बैरामखान याच नावाचा. त्याच्या मुलाला, अब्दुल रहीमला, आपण दोह्यांमुळे ओळखतो. बाबराने तुर्कीत लिहिलेले आत्मचरित्र याच रहीमने १५८९ साली फारसीत आणले.

नावांचे अर्थ उलगडले की गंमत वाटते. 'बेग' म्हणजे सरदार, त्यावरून बेगम, 'खान'वरून खानम. १५९१ साली हैदराबाद वसवणाऱ्या मुहम्मद कुली कुतुबशहाच्या नावातला 'कुली' म्हणजे दास. आपल्याकडे रामदास, तुळशीदास आहेतच. शब्द वेगळे, पण नम्र होण्याची रीत एकच.

ही भाषा आपल्या तोंडीही रुळली आहे. तोफ तुर्की, चकमक तुर्की. पूरग्रस्तांसाठी 'जादा कुमक रवाना' अशी बातमी छापली जाते, तीतली कुमकही तुर्की. इफ्तारच्या दस्तरखानावरचे कीमा आणि कोरमा हे शब्दही त्याच घरचे. विजापूरची प्रसिद्ध 'मलिक-ए-मैदान' तोफ १५४९ साली ओतली गेली ती अहमदनगरला, मुहम्मद बिन हुसेन रूमी याच्या हातून. 'रूमी' म्हणजे रूमचा, अर्थात तुर्कांच्या मुलखातला. कारागीर दख्खनेत आला, त्याची तोफ इथे राहिली आणि 'तोफ' हा शब्द मराठीचा झाला.

वेंगुर्ल्यालाही हे नवे नाही. डचांनी १६३७ साली इथे वखार घातली तेव्हा हे बंदर विजापूरच्या आदिलशाहीत होते. वखारीच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. बंदरात माल उतरतो तसे शब्दही उतरतात. मालाला जकात पडते, शब्दाला कोणी अडवत नाही.

नाव ऐकले की धर्म ताडायची आपल्याला सवय आहे. पण आजच्या तुर्कस्तानात मेहमेत, आयशे, फातमा यांच्या शेजारी वेगळीही नावे भेटतात. 'यिल्दिझ' म्हणजे तारा, 'यामूर' म्हणजे पाऊस आणि 'देनिझ' म्हणजे समुद्र. देनिझ हे नाव मुलाचेही असते, मुलीचेही. आपल्याकडच्या तारा, वर्षा आणि सागर यांना ही भावंडे परकी वाटणार नाहीत. आकाश, पाऊस आणि दर्या तिथल्या आईबापांनी पाहिले आणि इथल्यांनीही. लेकराला हाक मारताना दोघांच्याही ओठांवर तेच आले.

ईदच्या दिवशी वेंगुर्ल्यात शिरखुर्म्याची वाटी शेजारच्या घरी जाईल, तेव्हा 'ईद मुबारक' म्हटले जाईलच. पण त्या दिवसाला नुसते 'सण' म्हटले, तरी बैरामखानाच्या नावाचा अर्थ तोच होतो.