उत्खनन व उचल यंत्रे, बांधकामातील
इमारत, पूल, कालवा, विहीर इ. कामांसाठी जमीन खणणारी आणि निघालेला माल अथवा बांधकामाचे जड भाग उचलून इष्ट जागी नेऊन ठेवणारी यंत्रे. ग्रंथांत या दोहोंचा विचार स्वतंत्रपणे केलेला आढळतो. प्रत्यक्षात खणणे जितके अवघड, तितकेच खणलेले वर आणणेही अवघड असते. सांगली जिल्ह्यातील कडेगाव परिसरात हे विशेष जाणवते.

येथे मातीच्या थराखाली मुरूम व त्याखाली बेसाल्ट खडक लागतो. मुरूम टिकावाने किंवा यंत्राच्या दात्यांनी सुटतो. अखंड बेसाल्टात मात्र छिद्रे पाडून सुरुंग लावावे लागतात. फुटलेला खडक मूळच्या सुमारे दीडपट जागा व्यापतो. घट्ट बेसाल्टाचे वजन दर घ. मी. ला सुमारे २·८ टन असते. १० मी. व्यासाची व १५ मी. खोल विहीर खणताना सुमारे १,१८० घ. मी. माल निघतो. तो सर्व बेसाल्ट धरल्यास वजन ३,३०० टनांच्या घरात जाते. वरचे थर हलके असल्याने ते थोडे कमी भरेल, इतकेच.

पहार, टिकाव, खोरे व घमेले ही पूर्वापार साधने. सरकारी अंदाजपत्रकांत खोदाईचा दर खोलीच्या दर १·५ मी. टप्प्याला वाढवतात, डोक्यावरून माल वर नेण्याच्या श्रमाची ती कबुलीच होय. १९७२ च्या दुष्काळातील कामे व पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा यांत उद्देशच हातांना काम देण्याचा असल्याने यंत्रांना जाणूनबुजून दूर ठेवले गेले.

वाफेवर चालणाऱ्या फावड्याचे एकस्व विल्यम ओटिस यांना अमेरिकेत १८३९ मध्ये मिळाले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर दोरांची जागा द्रवीय यंत्रणेने घेतली. तीत तेलाच्या दाबाने दट्ट्या सरकून बाहू व बादली हलतात. पुढे फावडे व मागे खोदबादली असलेल्या चाकांच्या यंत्राला मराठीत सरसकट ‘जेसीबी’, तर पट्ट्यांवर चालणाऱ्या व पूर्ण वर्तुळात फिरणाऱ्या यंत्राला ‘पोकलेन’ म्हणतात. ही नावे अनुक्रमे एका ब्रिटिश व एका फ्रेंच उत्पादकाची आहेत. कराड तालुक्यातील टेंभू येथे कृष्णेचे पाणी उपसून ते कडेगाव, खानापूर, आटपाडी या भागांकडे नेणाऱ्या योजनेच्या कालव्यांसारख्या लांब, उघड्या खोदाईत अशी यंत्रे व टिपर यांची जोडी उपयुक्त ठरते. यंत्राला टिपरची वाट पाहावी लागली, तर त्याची क्षमता वाया जाते.

विहिरीत मात्र या यंत्रांचा हात लवकर संपतो. जेसीबीची पोच साधारणतः ४ ते ५ मी., तर २० टनी पोकलेनची ६ ते ७ मी. खोलीपर्यंत असते. काही वेळा लहान पोकलेन विहिरीत उतरवितात, तरी माल वर आणण्यास यारी लागतेच. काठावर उभा पोलादी खांब, त्याला चहूबाजूंनी दिलेले तारदोरांचे ताण, फिरता तिरपा बाहू आणि डीझेल एंजिनावर चालणारे दोर गुंडाळण्याचे पिंप, अशी हिची रचना असते. भरलेला डबा वर येतो, बाहू काठाबाहेर वळतो व डबा रिकामा होतो. भार खांबापासून जितका दूर, तितका उलथवू पाहणारा परिणाम मोठा : ३ मी. वरील १ टन आणि ६ मी. वरील अर्धा टन यांचा परिणाम सारखाच. शहरांतील उंच मनोरा-यारीलाही हाच नियम लागू असून, तेथे बाहूच्या दुसऱ्या टोकास काँक्रीटचे प्रतिभार बसवितात.

यारीवरील अपघातांत बहुधा दोर, गतिरोधक किंवा ताणाचा खुंटा दगा देतो. दोर त्यावर येणाऱ्या भाराच्या किमान पाचपट बळकट असावा. तुटलेल्या तारा दिसू लागल्या किंवा व्यास घटला की तो बदलावा. डबा वर जात असता त्याखाली कोणीही थांबू नये, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. पण अरुंद विहिरीत बाजूला सरकण्यास जागा नसते. तळाशी कपारीसारखा आडोसा ठेवणे म्हणूनच हिताचे. उचल यंत्रांची तपासणी बांधकाम कामगारांविषयीच्या, २०२५ पर्यंत अंमलात असलेल्या १९९६ च्या केंद्रीय कायद्यात सांगितली होती. तथापि तो कायदा १० किंवा अधिक बांधकाम कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होत असे आणि यारीची टोळी पुष्कळदा त्याहून लहान असते. अशा ठिकाणी रोज सकाळी दोर हाताखालून घालून पाहणारा यारीचालक हाच तपासनीस असतो.