भाड्याचं घर की हप्त्याचं घर?

परीक्षा संपली की आपल्या होस्टेलमध्ये दोनच विषय निघतात. प्लेसमेंट कुठे, आणि नंतर राहायचं कुठे. मी औंढा नागनाथचा. माझा मोठा भाऊ पुण्यात नोकरीला आहे. दरवर्षी त्याचं भाडं वाढतं आणि दरवर्षी बाबा म्हणतात, "भाडं म्हंजे पैसा पाण्यात. दोन एकर वावर इकू, पण फ्लॅट घे." दादाने हिशेब माझ्यावर सोपवला. उद्या हाच प्रश्न तुमच्या घरी येणार, म्हणून तो इथे मांडतो.

सोपे आकडे धरू. फ्लॅट ५० लाखांचा, तशाच फ्लॅटचं भाडं महिना १६ हजार. एवढ्या घराला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४० लाख कर्ज देते. उरलेले १० लाख आपले. पुणे महापालिका हद्दीत पुरुषाच्या नावावर ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे साडेतीन लाख, वर नोंदणी फी ३० हजार. (स्त्रीच्या नावावर घेतलं तर शुल्क १ टक्का कमी.) म्हणजे किल्ली हातात यायच्या आधीच १३ लाख ८० हजार गेले.

साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. हप्ता येतो सुमारे ३४,७०० रुपये. पण पहिल्या हप्त्यातले २८,३०० नुसतं व्याज! घरात जिरतात फक्त ६,४००. "भाडं पाण्यात" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, व्याजही पाण्यातच जातं.

आता दोन्हीकडचा न परतणारा पैसा मोजू. पहिल्या वर्षी व्याज ३.३७ लाख, अडकलेल्या १३.८ लाखांवरचं ७ टक्क्यांनी बुडालेलं व्याज ९७ हजार, सोसायटीचा मेंटेनन्स ३० हजार. एकूण ४.६४ लाख. भाडं मात्र १.९२ लाख. फरक २.७२ लाखांचा. म्हणजे त्या वर्षी फ्लॅटची किंमत साधारण साडेपाच टक्के वाढली तरच बरोबरी.

मग बाबा चुकले का? तसंही नाही. भाडं वर्षाला ८ टक्के वाढलं तर दहा वर्षांत ते ३४,५०० होतं, म्हणजे हप्त्याला जाऊन भिडतं. ५ टक्केच वाढलं तर त्याला सोळा वर्षं लागतात. हप्ताही अगदी स्थिर नसतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा कर्जदारांना ते चांगलंच कळलं.

थोडक्यात काय, तर एकाच शहरात दहा-बारा वर्षं राहायची खात्री असेल तर विकत. नोकरी, कंपनी, शहर बदलायची शक्यता असेल तर भाड्याने.

वावराचं काय? ते विकून कर्ज कमी होईल, पण वावर पिकतं आणि दर हंगामाला घरात काही आणतं. शिवाय सगळीच जमीन विकून शेतकरी हा दर्जा गेला, तर महाराष्ट्रात पुन्हा शेतजमीन घेणं अवघड. म्हणून माझं मत पडलं की वावर ठेवावं, स्वतःचा हिस्सा पगारातून साठेपर्यंत दादाने भाड्याने राहावं. बाबांना ते अजून पूर्ण पटलेलं नाही!

भाड्याने राहणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट विसरू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. डिपॉझिट, भाडेवाढ, घर सोडण्याची मुदत हे तिन्ही करारात लिहून घ्या. तोंडी शब्दावर होस्टेलची खोली चालते, शहरातलं घर नाही.

(अंतिम वर्ष, यांत्रिकी)