पेट स्कॅन : घाई नको, हयगयही नको



आपल्यातील एका कुटुंबावर आलेला प्रसंग त्यांच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो. घशाच्या कर्करोगावरचे किरणोपचार आणि केमोथेरपी संपली. निकाल लवकर कळावा म्हणून घरच्यांनी आग्रह धरून पाचव्या आठवड्यातच पेट स्कॅन करून घेतला. अहवालात घशात आणि मानेत 'चमक' दिसली. घरात आठवडाभर कोणी धड जेवले नाही. डॉक्टरांनी थांबायला सांगितले. दोन महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला, तो स्वच्छ आला. खर्च दुप्पट झाला आणि घोर लागला तो वेगळाच. आम्ही डॉक्टर नाही. पण त्या निमित्ताने जे समजून घेतले, ते येथे देत आहोत.

सीटी आणि एमआरआय शरीराची रचना दाखवतात : गाठ कुठे आहे, केवढी आहे. पेट स्कॅन त्या जागी काय चालले आहे ते दाखवतो. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे, तर सीटी म्हणजे इमारतीचा नकाशा आणि पेट म्हणजे खात्यातील उलाढाल. कर्करोगाच्या पेशी साखर जास्त खेचतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले. त्याचाच उपयोग येथे होतो. एफडीजी नावाची किरणोत्सर्गी साखर शिरेतून देतात, सुमारे तासभर स्वस्थ बसवतात आणि मग ती कुठे साठली ते पाहतात. तिचा किरणोत्सर्ग दर ११० मिनिटांनी निम्मा होतो.

मात्र साखर फक्त कर्करोगच खेचत नाही. किरणोपचाराने आलेली सूज, क्षयाची गाठ, दाताच्या मुळाशी झालेला पू, हेही चमकतात. म्हणूनच उपचारानंतरचा पेट स्कॅन साधारण १२ आठवड्यांनी करतात. उलट, काही मिलिमीटरची बारीक गाठ त्यात सुटूही शकते. त्यामुळे चमक म्हणजे कर्करोगच असे नाही. शंका आल्यास तुकडा काढून तपासणे हाच पुरावा.

योग्य वेळी केलेल्या स्कॅनचा फायदा मोठा आहे. पूर्वी मानेत गाठी पसरलेल्या रुग्णांवर केमो-किरणोपचारानंतर मानेची शस्त्रक्रिया ठरवूनच करीत. ब्रिटनमध्ये अशा ५६४ रुग्णांचा अभ्यास झाला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांची शस्त्रक्रिया ठरलेली होती, अर्ध्यांची फक्त १२ आठवड्यांच्या स्कॅनमध्ये गरज दिसल्यास करायची होती. पहिल्या गटात २२१ शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्यात ५४. आणि जगण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच राहिले. आपल्याकडे जास्त आढळणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात बहुधा आधी शस्त्रक्रियाच करतात, त्यामुळे हा निष्कर्ष सरसकट लावू नये. सुरुवातीच्या लहान गाठीसाठी पेट लागेलच असेही नाही. पण मानेत गाठ आहे आणि मूळ सापडत नाही, किंवा रोग फुप्फुसापर्यंत गेला का हे पाहायचे आहे, तेव्हा तो फार उपयोगी पडतो.

स्कॅनला जाताना :

• चार ते सहा तास उपाशी राहावे. साधे पाणी चालते. हा उपास साबुदाण्याचा नव्हे! चहाही नको.
• मधुमेह असल्यास आधीच सांगावे. गोळ्या वा इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये.
• इंजेक्शननंतर बोलणे, सुपारी चघळणे टाळावे. जबड्याचे आणि घशाचे स्नायू चमकतात. थंडी वाजू नये म्हणून शाल न्यावी.
• घरी आल्यावर भरपूर पाणी प्यावे आणि काही तास गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्यापासून दूर राहावे.

शेवटी एक विनंती. तोंडातील जखम किंवा पांढरा-लाल चट्टा, आवाजातील घोगरेपणा, मानेतील गाठ यांपैकी काहीही तीन आठवड्यांत बरे झाले नाही, तर डॉक्टरांना दाखवा. स्कॅनसाठी थांबता येते, पहिल्या तपासणीसाठी थांबू नये. आणि तंबाखू, गुटखा, सुपारीची डबी आजच बाजूला ठेवा.