दार कोणी उघडले? : ‘एलियन’ प्रथमच पाहताना

भयपटांविषयी आमच्या मनात पूर्वीपासून थोडी अढी आहे. अंधारा वाडा, करकरणारे दार, पांढरे लुगडे आणि अवेळी ओरडणारे मांजर एवढ्या सामग्रीवर अडीच तास काढावयाचे, आणि अखेर हा सारा कुणा कारस्थानी दिवाणजीचा खेळ होता असे कळावयाचे, हा अनुभव आमच्या वयाच्या बहुतेक श्रोत्यांना असेल. त्यामुळे रिडली स्कॉट या दिग्दर्शकाचा १९७९ सालचा ‘एलियन’ हा इंग्रजी बोलपट आमच्याकडून इतकी वर्षे पाहावयाचा राहिला. गेल्या पावसाळ्यात घरातील मुलांनी आग्रह धरला, दिवे मालवले, आणि आम्ही तो प्रथमच पाहिला.

प्रथमच म्हणणेही तितकेसे खरे नव्हे. जेवणाच्या मेजावर एका माणसाची छाती फोडून आतून प्राणी बाहेर पडतो, हा प्रसंग इतका गाजला आहे की, बोलपट न पाहिलेल्यालाही तो ठाऊक असतो. ठाऊक असलेल्या गोष्टीची भीती वाटते काय, एवढेच आम्हांला पाहावयाचे होते.

आरंभी तर भीतीचा मागमूसही नाही. ‘नोस्ट्रोमो’ हे यान २ कोटी टन खनिजाचा कारखाना ओढीत पृथ्वीकडे परतत असते. त्यावर सात जण आणि एक मांजर. यंत्रे सांभाळणारे दोघे, बोनसचा आपला वाटा कमी का, म्हणून कुरकुरतात. गिरणीच्या फाटकाशी ऐकू यावे असे हे बोलणे ताऱ्यांच्या मधोमध ऐकून आम्हांला हसू आले, आणि ही माणसे एकदम ओळखीची वाटू लागली.

वाटेत एका निर्जन गोलावरून संदेश येतो. तिघे जण पाहावयास उतरतात, आणि त्यांतील केनच्या तोंडावर एक प्राणी घट्ट चिकटतो. सोबती त्याला यानाच्या दाराशी आणतात. कप्तान बाहेर असल्याने आतला अधिकार रिप्ली या स्त्रीकडे आहे. नियम असा की, २४ तास विलगीकरणात काढल्याविना अशा माणसाला आत घ्यावयाचे नाही. कप्तान हुकूम सोडतो, तो मरेल म्हणतो. ती नाही म्हणते.

आमचा जीव येथे अडकला. अगं, उघड ते दार, असे आम्ही मनातून ओरडत होतो. २०२० साली रुग्णालयाच्या दाराबाहेर ताटकळणारी माणसे ज्यांनी पाहिली, त्यांना यांतली कोणतीच बाजू सोपी वाटणार नाही. बाहेर तडफडणारा दिसतो. आतल्यांवर काय ओढवेल ते दिसत नाही. इतक्यात ॲश हा शास्त्रज्ञ कळ दाबून दार उघडतो. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

मग तो मेजावरचा प्रसंग. चित्रणाच्या वेळी नटांना प्रसंग माहीत होता. रक्त किती आणि कसे उडेल, हे मात्र नीट सांगितलेले नव्हते. म्हणून त्यांचे दचकणे पुष्कळसे खरे आहे. आम्हीही दचकलो, हे कबूल करतो. आणि यातली मूळ कल्पना निसर्गाला सोडून नाही. आपल्या खिडकीच्या कोपऱ्यात मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी अळ्या किंवा कोळी नांगी मारून लुळे करते, घरात कोंबते आणि तेथे अंडे घालते. तिचे पिल्लू ते जिवंत अन्न खाऊन वाढते. ध्यासाने किड्याची भ्रमरी होते, हा आपल्याकडील जुना दृष्टांत अशाच घराकडे पाहून सुचला असावा. आत खरोखर जे चालते, ते ‘एलियन’ला अधिक जवळचे आहे!

प्राण्याचे रूप एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराने योजिले; त्या वेषात बोलाजी बादेजो हा जवळजवळ सात फूट उंचीचा नायजेरियन तरुण होता. दिग्दर्शकाने त्याला पुरता असा क्वचितच दाखविला आहे. कधी शेपटी, कधी लाळ गळणारा जबडा, बाकी अंधार. आम्ही त्या अंधाराकडेच पाहत राहिलो.

पण खरा धक्का पुढे आहे. तो सांगितल्याशिवाय आम्हांला राहवत नाही, तरी ज्यांनी बोलपट पाहिलेला नाही त्यांनी क्षमा करावी. रिप्ली यानाच्या संगणकाला खोदून विचारते, तेव्हा कंपनीची गुप्त आज्ञा बाहेर येते : तो प्राणी आणावा, खलाशी गेले तरी चालतील. आणि ॲश हा यंत्रमानव निघतो. ते दार दयेने उघडलेच नव्हते. ज्या कृतीला आम्ही माणुसकी समजलो ती यंत्राची होती, आणि जिला निष्ठुर म्हटले तीच उरलेल्यांचे प्राण राखू पाहत होती. आमचा तो निःश्वास आम्हांला फार लागला.

शेवटी जीव घेऊन पळण्याच्या घाईत हीच रिप्ली मांजराला शोधीत फिरते. मुले चिडली, वेडी आहे काय ही, म्हणाली. आम्ही मात्र खुर्चीच्या काठावर येऊन त्या मांजराला हाका मारीत होतो.