लायसनवरच्या दोन तारखा

आपल्या वस्त्यांतून पहाटे बाहेर पडणाऱ्यांत रिक्षा, टेम्पो, टॅक्सी चालविणारे बांधव पुष्कळ आहेत. खिशातल्या एका लायसनवर त्यांच्या घरची चूल पेटते. परंतु त्याची मुदत कधी संपते असे आम्ही विचारले, की बहुतेक जण कार्ड काढून पाहू लागतात.

कार्डावर तारखा दोन असतात आणि घोळ तेथेच होतो. एक खाजगी वाहनाची, दुसरी प्रवासी व मालवाहतुकीच्या वाहनाची. वाहतुकीचे लायसन दर ५ वर्षांनी नवे करावे लागते. खाजगीचे मात्र तिशीच्या आत काढले तर वयाच्या चाळिशीपर्यंत चालते. मोटारसायकलची लांबची तारीख पाहून माणूस निर्धास्त राहतो, आणि पोटाचे लायसन केव्हाच संपलेले असते.

दुसरा गैरसमज नाक्यानाक्यावर ऐकू येतो : मुदत संपली तरी महिनाभर गाडी चालवता येते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात तशी ३० दिवसांची सवलत होती खरी; २०१९ च्या दुरुस्तीने ती गेली. आता मुदतीच्या दुसऱ्या दिवशीही आपण विनापरवाना ठरतो. शिक्षा ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी भाड्याने देणाऱ्या मालकालाही कायदा सोडत नाही.

दंडापेक्षा मोठी भीती अपघाताची आहे. लायसन संपलेले असताना कोणी जखमी झाला, तर विमा कंपनी त्याला भरपाई देऊन ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात हा मार्ग दाखवला आहे. कर्जावर रिक्षा घेतलेल्या घराला असा भार पेलेल काय?

अर्ज मुदतीच्या वर्षभर आधी करता येतो. मुदतीनंतरही वर्षभर करता येतो, पण तोवर गाडी चालवायची नाही. वर्ष उलटले की चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. वीस वर्षे रस्त्यावर घालवलेल्या माणसाला ते जिवावर येते, आणि दलालाचे तेथेच फावते. खरे तर ‘सारथी’ या सरकारी संकेतस्थळावर अर्ज स्वतः भरता येतो. घरातली शिकणारी मुलगी तो भरून देईल. बापाने तेवढे शेजारी बसावे.

वाहतुकीच्या लायसनसाठी, तसेच वयाची चाळिशी ओलांडलेल्यांना, नमुना १-अ मधील डॉक्टरचा दाखला लागतो. त्यात २५ मीटरवरून गाडीचा नंबर वाचता येतो काय, लाल-हिरवा ओळखता येतो काय, असे प्रश्न असतात. लायसन जाईल या धास्तीने डोळ्यांचा त्रास लपवणारे चालक आम्हांला ठाऊक आहेत. नंबरचा चष्मा लावून नीट दिसत असेल तर लायसन जात नाही. शे-दोनशे रुपयांत न तपासताच सही देणारे डॉक्टरही गल्लोगल्ली भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नये. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील तर ते आधी दाखवावे.

महाराष्ट्रात नवे कार्ड टपालाने घरी येते. चाळ पाडली गेली, इमारतीत खोली मिळाली, पण कार्डावर पत्ता जुनाच, असे असेल तर ते परत जाते. म्हणून अर्ज करतानाच पत्ता बदलून घ्यावा. भगिनींनी दोन्ही तारखा रेशनकार्डाच्या पिशवीत चिठ्ठीवर लिहून ठेवाव्यात, आणि दिनदर्शिकेवर सहा महिने आधीच्या पानावर खूण करावी.