पवनचक्कीत हिस्सा घेण्यापूर्वी

यंत्रमागवाल्यांच्या बैठकीत आजकाल सुताच्या भावाइतकीच चर्चा वीजबिलाची होते. त्यातच "पवनचक्कीत हिस्सा घ्या, स्वतःची वीज वापरा, बिल कमी करा" असा प्रस्ताव घेऊन एजंट पेठेत फिरू लागले आहेत. प्रस्ताव वाईट नाही. पण यात वाऱ्यापेक्षा कायदा जास्त समजून घ्यावा लागतो, म्हणून आम्हाला जे समजले ते आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात नदीची वीज आणि वाऱ्याची वीज दोन्ही पाहायला मिळतात. खाली कोयनेचा 1960 मेगावॅटचा प्रकल्प. नदी सरकारच्या मालकीची, आणि सरकारलाही तिच्यावर पूर्ण मुभा नाही. कृष्णेच्या पाण्यावर कर्नाटक आणि आंध्राचाही हक्क असल्याने कोयनेतून पश्चिमेकडे विजेसाठी वर्षाला 67.5 टीएमसी पाणीच वळवता येते, अशी मर्यादा कृष्णा पाणी तंटा लवादाने घातली. राज्याच्या 2005 च्या धोरणाने 25 मेगावॅटपर्यंतचे छोटे जलविद्युत प्रकल्प खासगी लोकांना खुले झाले खरे, पण 30 वर्षांनी ते सरकारजमा व्हायचे, आणि पाणी सुटणार ते सिंचनाच्या वेळापत्रकाने. थोडक्यात, नदीच्या विजेत आपल्यासारख्या व्यापाऱ्याला फारशी जागा नाही.

वाऱ्याला लवाद नाही. म्हणूनच त्याच तालुक्यात वर वनकुसवड्याच्या पठारावर 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून खासगी पैशाने पवनचक्क्या उभ्या राहिल्या. हा पैसा आला कुठून? मुख्यतः आयकरातून. त्या काळी पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी 100 टक्के, पुढे 80 टक्के घसारा मिळत असे. वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा. एप्रिल 2017 पासून तो 40 टक्क्यांवर आला. विजेचा दरही बांधलेला होता. राज्य वीज नियामक आयोगाने 2003 मध्ये युनिटला 3 रुपये 50 पैसे दर दिला, त्यात दरवर्षी 15 पैशांची वाढ, 13 वर्षांसाठी. इतका पक्का सौदा कापडात कधी झाला नाही.

पण सौदा पक्का असला तरी कागद पक्के असतातच असे नाही. आमच्या पेठेतील एका कापड व्यापाऱ्याने त्या काळात कर वाचवण्यासाठी घाईघाईत पवनचक्की घेतली. घसारा मिळाला, वीजही विकली गेली. मात्र चक्कीखालची जमीन प्रकल्प उभारणाऱ्याने केवळ साठेखतावर घेतली होती, खरेदीखत झालेच नव्हते. मूळ मालकाच्या वारसांनी दावा लावला. 13 वर्षांचा करार संपला तेव्हा त्यांना चक्की विकता येईना आणि बदलताही येईना.

2017 पासून पवन ऊर्जेची खरेदी लिलावाने होऊ लागली. केंद्राच्या पहिल्या लिलावात दर 3 रुपये 46 पैशांवर आला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 2 रुपये 64 पैशांवर. सरकारला विकून पूर्वीसारखा नफा राहिला नाही, म्हणून चक्कीवाल्याला आता आपली आठवण झाली आहे. कारखान्याला हा दर त्याच्या बिलाच्या मानाने स्वस्त वाटतो, आणि दोघांची गाठ ज्या तरतुदीतून पडते तिला ग्रुप कॅप्टिव्ह म्हणतात.

विद्युत कायदा 2003 प्रमाणे स्वतःच्या प्रकल्पाची वीज स्वतः वापरणाऱ्याला क्रॉस सबसिडी अधिभार लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये अतिरिक्त अधिभारही लागत नाही असा निर्णय दिला. वहन आकार मात्र भरावा लागतो. "स्वतःचा प्रकल्प" कशाला म्हणावे हे 2005 च्या नियमांनी ठरवले: वापरणाऱ्यांची मालकी किमान 26 टक्के, आणि वर्षभरात तयार झालेल्या विजेपैकी किमान 51 टक्के वापर त्यांचाच. समजा प्रकल्प 10 कोटींचा आहे आणि त्यात 7 कोटी कर्ज. उरलेल्या 3 कोटींच्या भांडवलातील 26 टक्के म्हणजे 78 लाख रुपये वीज वापरणाऱ्यांनी मिळून घालायचे.

खरी गोम पुढे आहे. प्रत्येकाचा वापर त्याच्या हिश्शाच्या प्रमाणात असावा लागतो, फरक फार तर 10 टक्क्यांचा. प्रकल्पासाठी खास काढलेल्या कंपनीलाही ही अट लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितले. एखाद्या वर्षी किमान वापराची अट मोडली तर त्या वर्षाची संपूर्ण वीज विकत घेतलेली मानली जाते आणि अधिभार सगळ्यांवर येतो. आपल्या धंद्यात मंदी आली की माग चार-चार महिने बंद राहतात. एकाचे माग थांबले आणि बिल दहा जणांना आले, तर शेजार राहील का?

सहकारी संस्थेसाठी मात्र याच नियमांत वेगळी तरतूद केली गेली: दोन्ही अटी सभासदांनी मिळून पूर्ण केल्या तरी चालतात. ही गोष्ट एजंट सांगत नाहीत, कदाचित त्यांनाही ठाऊक नसावी. यंत्रमागवाल्यांच्या जुन्या सहकारी संस्था अनेक गावांत नुसत्या फलकापुरत्या उरल्या आहेत. त्या झटकून उभ्या करता येतील का, हे वकिलाला आणि निबंधक कार्यालयात विचारावे, आणि नियमांची ताजी प्रतही पाहून घ्यावी.

आता वाऱ्याचा स्वभाव. आपल्याकडे तो जोरात वाहतो जून ते सप्टेंबर, माग चालतात बारा महिने. जास्तीची वीज ग्रिडमध्ये ठेवण्याच्या सोयीला बँकिंग म्हणतात. केंद्राच्या 2022 च्या हरित ऊर्जा नियमांत हा हिशेब महिन्याचा धरला आहे. म्हणजे जुलैची वीज दिवाळीच्या हंगामात वापरू, असे कोणी सांगत असेल तर ते कागदावर दाखवायला सांगावे. शिवाय यंत्रमागाचा आपला दर सवलतीचा आहे. तुलना सवलत वजा केलेल्या दराशी करावी, एजंट ज्या दराशी करतो त्याच्याशी नव्हे.

जमिनीचा सातबारा स्वतः वाचावा, विशेषतः इतर हक्काचा रकाना. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यावर कूळ कायद्याच्या कलम 63 ची बंधने आहेत. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यास जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ खाली परवानगी लागते, भाडेपट्ट्यालासुद्धा. वनजमीन असेल तर केंद्राची पूर्वपरवानगी हवी. पठारावरच्या जमिनींत हे तिन्ही प्रश्न निघतात.

राहिला व्याजाचा मुद्दा. हिस्सेदारी हलाल, पण ज्या कंपनीचे 70 टक्के भांडवल व्याजी कर्जाचे आहे तिच्यात हिस्सा घ्यावा का, हे आम्ही ठरवू शकत नाही. आपापल्या उलेमांना कागद दाखवून विचारावे. तोंडी विचारले तर उत्तरही तोंडीच मिळते.

आम्ही सात जणांनी एका एजंटाकडे तीन गोष्टी लेखी मागितल्या आहेत: जमिनीचे खरेदीखत, मागील तीन वर्षांचे महिन्यागणिक युनिट, आणि अधिभार लागल्यास तो कोण भरणार याचे कलम. युनिटांचा तक्ता दुसऱ्या दिवशी आला. बाकी दोन कागदांची वाट पाहत आहोत.